मेंदूच्या आतील श्वानोमा : नाशिक परिसरातील रुग्ण आणि नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्वानोमा म्हणजे नेमके काय?

मेंदू आणि मज्जारज्जूतून बाहेर पडून शरीरभर पसरणाऱ्या मज्जातंतूंवर एक आवरण असते. विजेच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टण असावे तसे ते असते आणि ते तयार करणाऱ्या पेशींना श्वान पेशी म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान (1810–1882) यांच्यावरून हे नाव पडले. या पेशींची बेसुमार, परंतु निरुपद्रवी प्रकारची वाढ होऊन जी गाठ बनते तिला श्वानोमा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती श्रेणी 1 मध्ये, म्हणजे सर्वांत सौम्य गटात मोडते. ती हळूहळू वाढते, सहसा शेजारच्या ऊतींना बाजूला ढकलते आणि शरीरात इतरत्र पसरत नाही.

मग कानाच्या नसेवरची गाठ आणि ही गाठ एकच का?

पेशी त्याच, जागा वेगळी. कवटीच्या आत आढळणाऱ्या श्वानोमांपैकी सुमारे 90 टक्के गाठी ऐकण्याच्या व तोल सांभाळण्याच्या आठव्या मज्जातंतूवर होतात. त्यात एका कानाने कमी ऐकू येणे, कानात आवाज येणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. त्याखालोखाल चेहऱ्याच्या संवेदनेशी संबंधित पाचव्या मज्जातंतूचा क्रम लागतो. या सर्व गाठी कवटीच्या आत असल्या तरी मेंदूच्या बाहेर, त्याला चिकटून असतात. या पानावरील माहिती मेंदूच्या गाभ्यातच, कोणत्याही मोठ्या मज्जातंतूशी संबंध नसताना उद्भवणाऱ्या श्वानोमाविषयी आहे. इंटरनेटवर शोध घेतल्यास बहुतेक मजकूर कानाच्या नसेवरील गाठीचाच सापडतो, आणि तो वाचून नातेवाईक बहिरेपणाच्या किंवा चेहरा वाकडा होण्याच्या चिंतेत पडतात. मेंदूच्या आतील गाठीला ती चिंता सहसा लागू होत नाही.

मेंदूत श्वान पेशी नसतातच असे आम्ही वाचले. मग ही गाठ तेथे आली कोठून?

ही शंका रास्त आहे आणि तज्ज्ञांनाही तिचे एकमुखी उत्तर देता आलेले नाही. मेंदू व मज्जारज्जूच्या आत तंतूंवरचे आवरण ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या निराळ्या पेशी तयार करतात. श्वान पेशींचे काम तंतू मेंदूच्या बाहेर पडल्यानंतर सुरू होते. वास आणि दृष्टी यांचे पहिले दोन मज्जातंतू तर मेंदूचाच विस्तार असल्यामुळे त्यांवरही श्वान पेशींचे आवरण नसते.

या गाठीच्या उगमाविषयी प्रामुख्याने दोन प्रकारचे विचार मांडले जातात. पहिल्यानुसार या पेशी तेथे मुळात असतात, फक्त आपल्या लक्षात येत नाहीत. मेंदूत शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवती स्वायत्त मज्जासंस्थेच्या अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे असते, तसेच मेंदूवरील जाड आवरणात पाचव्या मज्जातंतूच्या शाखा पोहोचलेल्या असतात. या तंतूंसोबत येणाऱ्या श्वान पेशींपासून गाठ सुरू होत असावी. अशा बऱ्याच गाठी मेंदूच्या पृष्ठभागाजवळ किंवा आतील पोकळ्यांच्या कडेला सापडतात, ही गोष्ट या विचाराला पूरक ठरते. दुसऱ्या विचारानुसार गर्भावस्थेत न्यूरल क्रेस्ट नावाच्या ज्या पेशीसमूहापासून श्वान पेशी घडतात, त्यातील काही पेशी वाट चुकून मेंदूत राहतात, किंवा मेंदूच्या पातळ आवरणातील पेशींचे रूपांतर श्वान पेशींत होते. मज्जारज्जूला इजा झाल्यानंतर तेथे श्वान पेशी आढळल्याच्या नोंदीही आहेत, त्यामुळे या पेशींची हद्द वाटते तितकी पक्की नाही हे मान्य करावे लागते. उपचाराच्या दृष्टीने मात्र यांतील कोणताही विचार खरा ठरला तरी फरक पडत नाही.

हा आजार किती दुर्मीळ आहे?

कवटीच्या आतील सर्व गाठींमध्ये श्वानोमांचे प्रमाण साधारण 8 टक्के मानले जाते आणि त्या श्वानोमांपैकी मेंदूच्या गाभ्यातील गाठी 1 टक्क्याहून कमी असतात. पहिली नोंद 1966 मध्ये एका लहान मुलाची झाली. तेव्हापासून जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत बहुतांशी एकेकट्या रुग्णांचीच वर्णने येत राहिली आहेत. त्यामुळे आपल्या डॉक्टरांनी "असा रुग्ण मी प्रथमच पाहतो आहे" असे म्हटले, तर तो त्यांच्या अनुभवाचा उणेपणा समजू नये. गाठ दुर्मीळ असली तरी मेंदूतून गाठ काढण्याचे कौशल्य दुर्मीळ नाही.

आमच्या मुलालाच हे का झाले? द्राक्षबागेतील फवारणी, मोबाइल किंवा डोक्याला लागलेला मार कारण असू शकेल का?

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागांतील कुटुंबांकडून फवारणीचा प्रश्न हमखास येतो. फवारणीच्या औषधांपासून स्वतःचे रक्षण करण्याची इतर अनेक कारणे आहेत, परंतु त्यांचा या गाठीशी संबंध सिद्ध झालेला नाही. मोबाइलचाही नाही, मुक्या माराचाही नाही. लहानपणी डोक्याला मोठ्या प्रमाणात किरणोत्सर्ग दिला गेला असल्यास पुढे श्वानोमा होण्याची शक्यता वाढते, एवढे ज्ञात आहे. पण या रुग्णांपैकी बहुतेकांचा तसा पूर्वेतिहास नसतो. हा आजार बालकांत व चाळिशीच्या आतील तरुणांत अधिक आढळतो. आईने गरोदरपणी काय खाल्ले, कोणते ग्रहण पाळले नाही, असे हिशेब घरात सुरू होतात, ते थांबवावेत.

लक्षणे कोणती असतात?

फिट, म्हणजे आकडी येणे, हे अनेकांत पहिले लक्षण असते, विशेषतः गाठ मेंदूच्या कपाळाकडील किंवा कानशिलाकडील भागात असल्यास. प्रत्येक फिटमध्ये हातपाय झडतातच असे नाही. मूल काही क्षण टक लावून पाहते, ओठ चावल्यासारखे हलवते, विचारलेल्याला उत्तर देत नाही आणि नंतर त्याला काहीच आठवत नाही, हीदेखील फिटच असते. "अभ्यासात लक्ष नाही" अशी शाळेची तक्रार कधीकधी यातूनच आलेली असते. त्याशिवाय दीर्घकाळ चालणारी डोकेदुखी, उलट्या, एका बाजूच्या हातापायातील अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे किंवा दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे गाठीच्या जागेनुसार दिसतात. गाठ लहान मेंदूजवळ असेल तर चालताना तोल जातो.

घरी फिट आली तर काय करावे?

रुग्णाला जमिनीवर कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती बहुधा आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जाते. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध येण्याआधी दुसरी सुरू झाली किंवा ही आयुष्यातील पहिलीच फिट असली, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एमआरआयमध्ये ही गाठ ओळखता येत नाही का?

खात्रीने नाही, आणि या आजारात सर्वांत जास्त समजून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. एमआरआयमध्ये एक रेखीव कडांची गाठ दिसते, कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन दिल्यावर ती उजळते, तिच्यात किंवा तिच्याशेजारी पाण्याची पिशवी असू शकते, भोवती सूज असू शकते आणि सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचे कण दिसू शकतात. परंतु यांतील एकही खूण केवळ याच गाठीची नाही. मुलांमधील पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा, गँगलिओग्लायोमा, आवरणापासून होणारा मेनिंजिओमा, हिमँजिओब्लास्टोमा, एवढेच नव्हे तर दुसरीकडून पसरून आलेला कर्करोगही फिल्मवर असाच दिसू शकतो. म्हणून रेडिओलॉजिस्टच्या अहवालात शेवटी दोनतीन शक्यता लिहिलेल्या असतात आणि त्यांत श्वानोमाचे नाव क्वचितच असते. त्या शक्यतांमधील सर्वांत भयंकर नाव निवडून नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवण्याची घाई करू नये. अहवालातील शक्यता हा शल्यचिकित्सकासाठी केलेला इशारा असतो, निदान नव्हे.

आम्हाला आधी टीबीची किंवा कृमीची गाठ सांगून औषधे दिली होती. ती चूक होती का?

आपल्याकडे तरुण रुग्णाला फिट आली आणि स्कॅनमध्ये उजळणारी गाठ दिसली, की क्षयाची गाठ आणि डुकरातील पट्टकृमीच्या अळीमुळे होणारा न्यूरोसिस्टिसरकोसिस यांचा विचार प्रथम करणे योग्यच असते, कारण हे दोन्ही आजार भारतात पुष्कळ आढळतात आणि औषधांनी बरे होतात. मात्र एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. या दोन्ही उपचारांसोबत बहुधा स्टिरॉइड दिले जाते आणि स्टिरॉइडमुळे कोणत्याही गाठीभोवतीची सूज उतरते. डोकेदुखी कमी होते, रुग्णाला बरे वाटते, आणि औषध लागू पडले असा समज होतो, पण गाठ होती तेवढीच राहते. म्हणून बरे वाटले तरी ठरलेल्या मुदतीनंतरचा एमआरआय चुकवू नये. गाठ लहान झालेली नसेल किंवा वाढली असेल, तर औषधांचा काळ आणखी लांबवण्याआधी न्यूरोसर्जनचे मत घ्यावे.

निदान पक्के कधी होते?

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानंतर. येथे नातेवाइकांचा एक प्रत्यक्ष सहभाग असतो, तो थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे. अनेक ठिकाणी शस्त्रक्रियागृहातून झाकणाची एक प्लास्टिकची डबी बाहेर येते आणि ती प्रयोगशाळेत पोहोचवण्यास नातेवाइकांना सांगितले जाते. डबीवर रुग्णाचे नाव, वय, तारीख आणि तुकडा कोठून घेतला हे लिहिलेले आहे ना, आणि आतील द्रव फॉर्मालिन आहे ना, हे नर्सला विचारूनच पुढे निघावे. नेहमीच्या तपासणीसाठी तुकडा साध्या सलाइनमध्ये तासन् तास राहिला तर पेशी खराब होतात आणि मग उत्तम तज्ज्ञालाही ठाम मत देणे अवघड जाते. शस्त्रक्रिया चालू असतानाच केली जाणारी फ्रोझन सेक्शन तपासणी याला अपवाद आहे. तिच्यासाठी तुकडा ताजाच न्यावा लागतो.

बायोप्सीच्या अहवालातील शब्दांचा अर्थ काय?

श्वानोमात दोन प्रकारची रचना शेजारीशेजारी दिसते. लांबट पेशी दाटीने, जुडग्यांसारख्या मांडलेल्या असतात तो भाग अँटोनी ए आणि पेशी विरळ, मधली जागा सैल व पाणीदार असते तो भाग अँटोनी बी; स्वीडनचे नील्स अँटोनी यांनी 1920 मध्ये हा फरक वर्णिला. दाट भागात पेशींची केंद्रके समोरासमोर दोन ओळींत उभी राहतात आणि मध्ये गुलाबी रंगाचा मोकळा पट्टा उरतो. या रचनेला व्हेरोके बॉडी म्हणतात, कारण होझे व्हेरोके यांनी ती 1910 मध्ये नोंदवली. ही ओळखीची रचना स्लाइडवर ठळक असेल तर पॅथॉलॉजिस्टचे काम सोपे होते, पण लहान तुकड्यात ती नेमकी नसू शकते.

म्हणून पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, अर्थात आयएचसी, ही पेशींमधील ठराविक प्रथिने रंगवून ओळखण्याची तपासणी करतात. तिच्यात एस-100 आणि सॉक्स-10 ही दोन्ही प्रथिने ठळक पॉझिटिव्ह येणे श्वानोमाच्या बाजूने जाते. मेंदूच्या स्वतःच्या पेशींपासून झालेल्या गाठींत जीएफएपी पॉझिटिव्ह असते, तर मेनिंजिओमात सहसा ईएमए. श्वानोमात जीएफएपी काही वेळा थोडेफार दिसू शकते, त्यामुळे त्या एकाच ओळीवरून निष्कर्ष काढला जात नाही. रेटिक्युलिन रंगवल्यावर प्रत्येक पेशीभोवती बारीक जाळी दिसणे, हीदेखील उपयुक्त खूण आहे. केआय-67 हा आकडा पेशी किती वेगाने वाढत आहेत हे सांगतो आणि तो येथे सामान्यतः कमी असतो. येथे पॉझिटिव्ह या शब्दाचा कर्करोगाशी काहीही संबंध नाही. अहवालात "डिजनरेटिव्ह एटिपिया" किंवा "एन्शंट चेंज" असे शब्द असतील, तर जुन्या गाठीतील पेशी वेड्यावाकड्या दिसत आहेत एवढाच त्याचा अर्थ; त्यामुळे गाठ घातक ठरत नाही.

दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे का?

इतक्या दुर्मीळ आजारात जरूर घ्यावे, आणि त्यासाठी फक्त अहवालाची झेरॉक्स नेऊन भागत नाही. प्रयोगशाळेकडून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्यावेत. ब्लॉक म्हणजे छोट्या जाळीदार प्लास्टिकच्या चौकटीत मेणात बसवलेला तुकडा. तो लेखी अर्ज देऊन मिळतो आणि काम झाल्यावर परत करायचा असतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नये, मेण मऊ पडते. मेंदूच्या गाठींचा विशेष अनुभव असलेल्या न्यूरोपॅथॉलॉजिस्टकडे हे साहित्य पाठवणे, ही माझ्या मते या संपूर्ण प्रवासातील सर्वांत फायद्याची पायरी आहे. कारण याच टप्प्यावर श्रेणी 1 ची गाठ घातक ठरवली गेली, तर रुग्णाला गरज नसलेले रेडिएशन आणि केमोथेरपी सोसावी लागते.

उपचार काय आहे?

शस्त्रक्रिया करून गाठ पूर्ण काढणे. गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये बहुधा स्पष्ट सीमा सापडते, त्यामुळे मायक्रोस्कोपच्या साहाय्याने ती सोडवून घेता येते. काही वेळा मात्र ती एखाद्या रक्तवाहिनीला किंवा बोलण्याच्या व हालचालीच्या केंद्राला घट्ट चिकटलेली असते, तेव्हा शल्यचिकित्सक थोडा भाग जाणूनबुजून मागे ठेवतात. गाठ सौम्य असताना शेवटच्या कणासाठी हात कायमचा लुळा पडण्याचा धोका पत्करणे शहाणपणाचे नसते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मेंदूतील पाण्याची गळती, फिट आणि शरीराच्या एखाद्या भागातील अशक्तपणा हे धोके असतात. ते किती, हे गाठीच्या जागेवर अवलंबून असल्यामुळे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी "आमच्या गाठीच्या बाबतीत" असा स्पष्ट प्रश्न विचारावा.

गाठ पूर्ण निघाल्यास रेडिएशन किंवा केमोथेरपी लागत नाही. उरलेला भाग वाढू लागला, तर पुन्हा शस्त्रक्रिया किंवा गॅमा नाइफसारखी स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी (चिरफाड न करता नेमक्या जागी किरणे देणे) यांचा विचार होतो. आयुर्वेदिक किंवा अन्य औषधांनी ही गाठ विरघळते, याला पुरावा नाही.

नाशिकमध्येच उपचार करावेत की मुंबईला जावे?

शहराच्या नावापेक्षा त्या ठिकाणी काय उपलब्ध आहे हे पाहावे: मेंदूच्या गाठी नियमितपणे काढणारे न्यूरोसर्जन, शस्त्रक्रियेनंतर चोवीस तास लक्ष ठेवणारा अतिदक्षता विभाग, न्यूरोनॅव्हिगेशन (शस्त्रक्रियेत स्कॅनच्या आधारे गाठीची नेमकी जागा दाखवणारी यंत्रणा), आणि शक्य असल्यास फ्रोझन सेक्शन. हे सर्व नाशिकमध्ये मिळत असेल आणि गाठ सोप्या जागी असेल, तर घराजवळचे उपचार हा मोठा आधार असतो. गाठ खोल किंवा महत्त्वाच्या केंद्राजवळ असल्यास परळचे केईएम किंवा अन्य मोठ्या संस्थेचे मत घेणे योग्य. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येते. सोबत फिल्मबरोबर एमआरआयची सीडी न्यावी, कारण कागदावर छापलेल्या मोजक्या प्रतिमा पाहून मत देण्यास डॉक्टर नाखूश असतात.

मात्र रुग्णाला गुंगी येत असेल, सतत उलट्या होत असतील किंवा फिट थांबत नसेल, तर त्याला गाडीत घालून परस्पर कसारा घाट उतरू नये. आधी नाशिकमधील जवळच्या रुग्णालयात दाखल करून प्रकृती स्थिर करावी, मग पुढचे ठरवावे.

खर्चासाठी कोणती मदत मिळू शकते?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अंगीकृत रुग्णालयांत मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी मदत मिळते. योजनेत प्रति कुटुंब दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, दाखल होण्यापूर्वी भेटावे, शिधापत्रिका व आधार कार्ड जवळ ठेवावे, आणि शिधापत्रिकेवर रुग्णाचे नाव आहे याची खात्री करावी. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव चढवायचे राहून गेलेले असते आणि अडचण तेथेच येते. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीसाठी स्वतंत्र अर्ज करता येतो.

घरातील इतरांची तपासणी करावी का?

साधारणतः नाही. 22 व्या गुणसूत्रावरील एनएफ2 या जनुकातील बिघाडामुळे होणाऱ्या आनुवंशिक आजारात अनेक श्वानोमा होतात, परंतु मेंदूच्या आत एकच गाठ असलेल्या रुग्णांत तो आजार सहसा नसतो. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी असतील, एकाहून जास्त श्वानोमा असतील किंवा कुटुंबात तसा इतिहास असेल, तर जनुकीय सल्ला घ्यावा.

गाठ पुन्हा होते का? तिचा कर्करोग होतो का?

पूर्ण काढलेली गाठ परत येणे विरळा. घातक रूप घेणे अत्यंत दुर्मीळ. तरीही पहिला एमआरआय शक्यतो शस्त्रक्रियेनंतर 72 तासांच्या आत, मग काही महिन्यांनी आणि पुढे शल्यचिकित्सक ठरवतील तसा काढावा लागतो.

फिटच्या गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतात?

गाठ निघाल्यावर फिट थांबली तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. ठराविक काळ फिट आली नाही की न्यूरोलॉजिस्ट त्या हळूहळू कमी करतात. नवरात्रातील किंवा श्रावणातील उपवासातही गोळी चुकवू नये आणि रात्रीचे जागरण टाळावे. सूज उतरवण्यासाठी दिलेले डेक्सामेथासोन हे स्टिरॉइडही एकदम थांबवू नये. ते चालू असताना रक्तातील साखर तपासावी. व्हॅलप्रोएट हे फिटचे औषध गर्भासाठी हानिकारक असल्यामुळे लग्न ठरलेल्या किंवा मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांशी आधीच बोलून औषध बदलण्याविषयी विचारावे.

गाडी चालवणे आणि काम यांचे काय?

वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या फॉर्म 1 मध्ये अपस्माराविषयी थेट प्रश्न असतो आणि त्याचे खरे उत्तर द्यावे लागते. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दुचाकीही चालवू नये. सातपूर किंवा अंबडमध्ये प्रेस मशीनवर, उंचावर किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी डॉक्टरांचे पत्र देऊन काही काळ दुसरे काम मागावे. शेततळ्यात किंवा विहिरीत एकट्याने उतरू नये. रामकुंडावर स्नानाला जायचे असेल तर कोणीतरी सोबत पाण्यात असावे.

कवटीत बसवलेल्या पट्ट्यांमुळे पुढे एमआरआय काढता येतो का?

हाड पुन्हा बसवताना वापरल्या जाणाऱ्या पट्ट्या व स्क्रू बहुधा टायटॅनियमचे असतात आणि त्यांसह एमआरआय काढता येतो. कोणता धातू वापरला आहे हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे आणि प्रत्येक वेळी स्कॅन सेंटरमध्ये ते आधी दाखवावे.